निळ्या ठिपक्याच्या सात गाड्या

दवनीवाडा,
१२ मे २००९

रत्नपाल,

त्या शनिवारी सकाळी मी साडेपाचला उठलो, विहिरीवर आंघोळ केली, घरात वंदना घेतली आणि काँटेसाचं दार उघडून स्टिअरिंगसमोर बसलो. डॅशबोर्डवर बुद्धाची मूर्ती आहे, चार बोटं उंचीची, तूच दीक्षाभूमीवरून आणून दिलेली. तिच्यापुढे मी रोज अगरबत्ती लावतो, हे तुला माहीत आहे. त्या दिवशीही लावायला काडी ओढली.

मी एवढंच केलं. बाकीचं तू केलंस.

फार मोठा आवाज झाला नाही. पायांकडून निळं काहीतरी वर आलं आणि माझ्या भुवया गेल्या, उजव्या हाताची कातडी गेली. मागच्या सीटवर आई बसली होती. तिचे डोळे दाखवायला नागपूरला निघालो होतो. तिच्या पदरानं पेट घेतला. तुझी वहिनी अल्का पाण्याच्या टाक्यापाशी होती, तिनं तिथली ओली गोधडी उचलली आणि आईवर टाकली, म्हणून आज मी हे पत्र घरून लिहितो आहे, नाहीतर कुठून लिहिलं असतं कोण जाणे. आईचा डावा कान, मान आणि खांदा भाजला. माझी तीन बोटं अजून बांधलेली आहेत. अक्षर वाईट आहे, पण तुला वाचता येईल. न वाचल्याचं नाटक करू नकोस.

वर 'चि.' लिहिलेलं नाही. 'जय भीम'ही लिहिलेलं नाही. विसरलो नाही.

तू दवाखान्यात आलास. आईच्या खाटेशी उभा राहिलास. मी विचारलं, "काय भरलं होतं गा त्या गाडीत?" तू खाली पाहिलंस. मग म्हणालास, "दादा, आईसाठी पाणी आणतो." दहा दिवस झाले, ते पाणी अजून यायचं आहे. दुसऱ्या दिवशी बालाघाट रोडवरच्या तुझ्या गॅरेजला कुलूप, टीना माहेरी, तुझा मोबाइल बंद. राजनांदगावला सासरी जाऊन बसलास हे तुझ्या शेजाऱ्यानं सांगितलं. भावाचा पत्ता मी शेजाऱ्याकडून घेतला.

स्टेशनजवळचा ओमेश मिस्त्री घरी येऊन गाडी पाहून गेला. डॅशबोर्डच्या आतली थंड हवेची कॉइल फुटलेली निघाली. त्यानं पाइप हुंगला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "दादा, हा तं सैपाकाचा गॅस होय. रातभर बंद गाडीत साचला."

आता मुद्द्याचं. एप्रिलमध्ये तू गॅरेजवर हसत मला सांगितलं होतंस, "आता सात गाड्या झाल्या दादा, साऱ्या बरफावानी थंड." त्या सातांतली एक माझी. उरलेल्या सहा कोणाच्या? मे महिना आहे. लोक काचा लावून बसतात, आत बिड्या ओढतात, लग्नाच्या गाड्यांपुढे कापूर ओवाळतात. मला सहा नावं लिहून पाठव. माफी नको, कारण नको. नावं पाठव.

केवळराम


दवनीवाडा,
२१ मे २००९

रत्नपाल,

रजिस्टरची पावती परत आली. खाली तुझी सही आहे, नेहमीसारखी 'र'ची शेपटी लांब ओढलेली. म्हणजे पत्र मिळालं आणि वाचलंस. सही करायला हात चालतो, सहा नावं लिहायला चालत नाही.

आईला घरी आणलं आहे. मान वळत नाही. या पौर्णिमेला ती विहारात गेली नाही. आपल्याला कळायला लागल्यापासून असं झालेलं मला आठवत नाही. ती खाटेवरून विचारते, "रत्नपालचा फोन आला का गा?" मी नाही म्हणतो. ती म्हणते, "कामात असन." हे ऐकलं की मला घरात बसवत नाही.

तू नावं देत नाहीस म्हणून मी स्वतः शोधायला निघालो. तुझी सवय मला माहीत आहे. हाताखालून गेलेल्या प्रत्येक नटावर तू निळ्या पेंटचा ठिपका देतोस, आपलं काम ओळखू यावं म्हणून. किती अभिमान होता मला त्या ठिपक्याचा! आज मी लग्नाच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांची बोनेटं उघडायला लावतो आणि तो ठिपका शोधतो. एका ड्रायव्हरनं मला चोर समजून कॉलर धरली.

तीन मिळाल्या. एक वरातीची, एक निवृत्त डॉक्टरांची. तिसरी सौंदडच्या सुलोचनाबाईंची, त्यांच्या दिवंगत यजमानांनी, मास्तरांनी, मागे ठेवलेली जुनी प्रीमियर. ओमेशनं तिन्ही गाड्या मोकळ्या मैदानात नेल्या, बॅटरीची तार काढली, जवळ कोणाला बिडी पेटवू दिली नाही आणि हळूहळू गॅस सोडला. सुलोचनाबाई दूर लिंबाखाली उभ्या राहून म्हणाल्या, "घरी सिलेंडरसाठी महिनाभर नंबर लावतो आमी, अन् तुमच्या भावानं इथं बोनेटात भरून ठेवला! सांगतलं असतं तं गाडीवरच भात रांधला असता." ओमेश हसला. मला हसू आलं नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आहे सांगू? तुला येत नव्हतं म्हणून तू हे केलं असतंस तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. तुला येत होतं. तूच मला शिकवलंस.

दुलीचंद शेठच्या राइस मिलमध्ये मी अठरा वर्षं ही काँटेसा चालवली. शेठ थकले आणि गाडी मला देऊन मोकळे झाले, तेव्हा तिचा एसी कोमट हवा फेकत होता. मी तुझ्याकडे आणली. तू एका दुपारी बोनेट उघडून मला शेजारी उभं केलंस. आधी पट्टा दाबून पाहिलास, सैल आहे का. मग मला एसीचं बटण दाबायला सांगितलंस आणि कॉम्प्रेसरचा क्लच 'टक' करून धरतो का ते कान देऊन ऐकलंस. मग पुढची जाळी दाखवलीस. तिच्यात अठरा वर्षांचा मिलचा कोंडा बसला होता. दात घासायच्या जुन्या ब्रशनं तासभर तू तो काढत बसलास आणि म्हणालास, "शेठनं थोडा तांदूळ बी ठेवला असता तं!" मग पाइपावरच्या छोट्या गोल काचेत दिसणारे बुडबुडे दाखवलेस, म्हणजे गॅस कमी. मी म्हटलं, "मंग भरून दे ना." तू मान हलवलीस. साबणाचा फेस करून एकेका जोडाला लावत गेलास आणि मला म्हणालास, "दादा, गॅस खपत नसते. गॅस गळते. आधी भोक पाह्यचं, मंग भरायचं. जो भोक न पाहता भरते, तो मिस्त्री नोहे."

त्या दिवशी सहावा जोड फेसाळला. तू तो बदललास, पंपानं दीड तास आतली हवा ओढलीस, मग तो जुना बारा नंबरचा गॅस भरलास. ते काम चार वर्षं टिकलं.

हे करणारा माणूस तूच. यंदा २७ एप्रिलला पुन्हा हवा कोमट झाली म्हणून मी आलो तेव्हा फेस केला नाहीस. भोक पाहिलं नाहीस. नळी लावलीस, भरलंस, ठिपका तसाच होता, त्यावर पुन्हा ठिपका दिलास.

सिलेंडर आपल्या घरचं होतं, हे खरं आहे. ते तू लिहिशील म्हणून मीच लिहितो. पण सिलेंडर चुलीला लावायचं की गाडीला, हे मिस्त्रीला कळायला पाहिजे.

तीन उरल्या. नावं पाठव.

केवळराम


दवनीवाडा,
३१ मे २००९

रत्नपाल,

दुसऱ्या पावतीवरही तुझीच सही. छान.

चौथी गाडी मिळाली. केशोराव ठेकेदाराची. गोंदियात त्याच्या घरापुढे उभी होती, मी बोनेट उघडायच्या आधीच मला कळलं, कारण काच खाली केल्याबरोबर तो वास आला. हा माणूस तेंदूपत्त्याच्या हंगामात रोज सालेकशाला जातो. काचा बंद, एसी सुरू, तोंडात बिडी. सोबत दोन मुनीम आणि फडीवर, पत्ता गोळा होतो तिथं, सोडायच्या बाया. त्याच्या बोनेटात चार निळे ठिपके आहेत, मी मोजले.

मी हात जोडून त्याला सगळं सांगितलं. तो खुर्चीतून उठला नाही.

"केवळराम, भावाभावाचं भांडण झालं का गा तुमचं?"

"भांडण नाही, केशोरावजी. गाडीत सैपाकाचा गॅस हाय. पेट घेईल."

"तुयी पेटली का?"

"पेटली."

"खोटं कायले बोलतोस?" तो म्हणाला. "तुहा हात स्टोव्हनं जळला. तुही माय बी स्टोव्हनं जळली. साऱ्या गोंदियाले माहीत हाय, दवाखान्यात तसंच लिहून हाय. मंग गाडीचं कुठून काढलं? रत्नपालचा धंदा बसवाले ओमेशनं धाडलं तुले?" आणि माझ्यासमोर काडी ओढून बिडी पेटवली. गाडीत नाही, ओसरीवर. तरी माझा बांधलेला हात आपोआप तोंडापुढे आला. त्याचे मुनीम हसले.

तसं लिहिलेलं आहे, हे खरं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा आई त्या दुखण्यात म्हणाली होती, "स्टोव्ह भडकला जी." तुझ्यावर काही येऊ नये म्हणून. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं तुझ्यासाठी बोललेल्या एका खोट्यावर मी मान हलवली आणि आता त्याच खोट्याच्या जोरावर केशोराव बिडी ओढत गाडी चालवतो आहे.

मी तीस वर्षं रोज पंचशील म्हणतो. मोठ्यानं नाही, स्वतःपुरतं. या महिन्यात चौथ्या शीलापाशी आलो की पुढे सरकता येत नाही. खोटं बोलणार नाही म्हणायचं आणि बाहेर जाऊन लोकांना स्टोव्हची गोष्ट सांगायची. मग मी पाचवं म्हणून उठतो. चौथं राहून जातं.

काल आईला म्हटलं, "मी लोकांले खरं सांगतो." ती एकदम उठून बसली. मान वळत नाही तर सगळं अंगच माझ्याकडे फिरवलं.

"सांगू नोको."

"माणसं मरतीन, माय."

"त्याच्या धंद्यावर कोणी उभं राहणार नाही. पोलीस नेतीन त्याले. मी जळली ना? मी काही म्हणून राहिली का? मंग तू काऊन आग पाखडतोस?"

मी बाहेर आलो. जळणाऱ्यानंच माफ केलं तर मी कोण, असं क्षणभर वाटलं. पण ती माफ करू शकते ते तिच्या मानेचं. केशोरावच्या गाडीत बसणाऱ्या बायांच्या वतीनं माफ करायचा हक्क तिला नाही, मलाही नाही.

एक गोष्ट अजून तुझ्या हातात आहे. केशोराव तुझं ऐकेल. तू स्वतः ये, त्याच्या ओसरीवर उभा राहा आणि सांग. उरलेल्या दोन गाड्या दाखव. शनिवार, ६ जूनपर्यंत थांबतो. रविवारी मला जे करायचं ते मी करीन आणि त्यात तुझं नाव असेल.

केवळराम


दवनीवाडा,
८ जून २००९

रत्नपाल,
जय भीम.

तू आला नाहीस. शनिवारी संध्याकाळची शेवटची एसटी गेल्यावर मी स्टँडवरून घरी परतलो.

काय केलं ते सांगण्याआधी तीन गोष्टी लिहायच्या आहेत. मागच्या तिन्ही पत्रांत त्या मी टाळल्या. तुला त्या माहीत आहेत. तरी मी लिहितो, कारण काल त्या गावाला सांगितल्या आणि तुला न सांगता राहणं बरं नाही.

पहिली. सात गाड्यांत माझीही एक, असं मी लिहिलं होतं. माझी पहिली होती. मागच्या वर्षीच्या मे महिन्यात पहिल्यांदा तू तो गॅस भरलास तो काँटेसात. माझ्या आधी तू कोणाच्याही गाडीत तो भरला नव्हतास.

दुसरी. तू तेव्हा नाही म्हणाला होतास. "दादा, बारा नंबरचा गॅस आता भेटत नाही. नवा गॅस भरायचा तं तेल बदलाव लागते, साऱ्या रिंगा बदलाव लागते, फिल्टर बदलाव लागते. चार दिवस दे." दुसऱ्या दिवशी माझ्याकडे तिरोड्याच्या लग्नाचं भाडं होतं. तुझ्या गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो, "तुह्यानं होत नसन तं सांग, नागपूरले नेतो. तिथं मिस्त्री राहतेत." तुझा चेहरा मला आठवतो. मग तू म्हणालास, "एक उपाव हाय, पण..." त्या 'पण'च्या पुढचं मी ऐकलं नाही. मी घरी आलो, चुलीपासून सिलेंडर सोडवलं, अल्काला म्हटलं दोन दिवस लाकडं जाळ, आणि काँटेसाच्याच डिक्कीत टाकून ते तुझ्याकडे नेलं. दुसऱ्या दिवशी नवरदेव म्हणाला, "दादा, गाडी होय का फ्रिज?" मी खूश झालो. तू पाहिलंस की चालतं. मग दुसरी, तिसरी, सातवी.

तिसरी गोष्ट लिहायला सगळ्यात जड जाते. तो वास मला चार दिवस आधीपासून येत होता. एका प्रवाशानं विचारलंही होतं, "दादा, सिलेंडर घेऊन चालले का?" मी हसण्यावारी नेलं. गाडी तुझ्याकडे आणली तर लग्नाच्या तिथी जातील म्हणून आणली नाही. रोज एक अगरबत्ती लावत होतो, ती त्या चार दिवसांत दोन लावायला लागलो. दुसरी बुद्धासाठी नव्हती. वास दबावा म्हणून होती. त्या शनिवारी आई मागे बसता बसता म्हणाली होती, "काही तरी वास येऊन राहिला गा." मी म्हटलं, "आता जाते," आणि काडी ओढली.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, मी एवढंच केलं. ते खोटं होतं.

माझा राग गेलेला नाही, असं समजू नकोस. तुला 'पण'च्या पुढचं वाक्य ओरडून सांगता आलं असतं. दुसऱ्या गाडीला तरी नाही म्हणता आलं असतं. आईची खाट सोडून पळायला नको होतं. हे तुझं. बाकीचं माझं.

आता रविवारचं. गोंदियात सर्कशीची, सेलची जाहिरात करत फिरतो तो भोंग्याचा ऑटो मी दिवसभरासाठी ठरवला. ऑटोवाला म्हणाला, "मजमून दे दो, मैं रिकॉर्ड कर देता हूँ." मी म्हटलं, रेकॉर्ड नको, मी स्वतः बोलतो. त्याला वाटलं निवडणुकीचं काही आहे.

सकाळी निघताना आई खाटेवर बसून केस विंचरत होती, एकाच बाजूचे. दुसऱ्या बाजूला अजून फणी लागू देत नाही.

"जाऊन राहिला?"

"हो."

"रत्नपालचं नाव घेशील?"

"घेईन. माह्या नावाच्या मागून."

ती बराच वेळ फणीतले केस काढत राहिली. मला वाटलं आता रडेल, आणि रडली असती तर कदाचित मी पुन्हा थांबलो असतो. ती म्हणाली, "मंग माहं बी घे. डॉक्टरले मीच खोटं बोलली."

मी तिच्या पाया पडलो आणि निघालो.

गोंदियात मराठीपेक्षा हिंदी लवकर पोचते, म्हणून हिंदीत बोललो. माझी हिंदी शेठच्या गाडीतली आहे, जशी आली तशी. "सुनो भाइयो, मैं केवलराम, दवनीवाडा का ड्राइवर. सबसे पहले मैंने अपनी गाड़ी के एसी में चूल्हे का गैस भरवाया. मेरे भाई रत्नपाल मिस्त्री ने पहले ना बोला, मेरे ज़ोर देने पर भरा. चार दिन से बास आती थी, मैंने छुपाई, मेरी माँ लीलाबाई उससे जली. स्टोव की बात झूठ है, माँ ने बेटे को बचाने के लिए बोली और मैंने हाँ की. जिसकी पुरानी गाड़ी में एसी के नट पर नीला ठिपका है, वो माचिस मत जलाओ, गाड़ी चालू मत करो, काँच खोलके स्टेशन के पास ओमेश मिस्त्री को खबर करो." पहिल्या चौकात आवाज फुटला. तिसऱ्या चौकात बरा लागला. पोरं मागे धावली, एका पानठेल्यावरून कोणी ओरडलं, "भाई को ही बेच दिया रे!" मी थांबलो नाही.

केशोरावच्या घरापुढे ऑटो उभा करायला लावला. तो सालेकशाला निघण्याच्या तयारीत गाडीत बसला होता, तोंडात न पेटवलेली बिडी, हातात काडेपेटी. मुनीम मागे. मी भोंग्यातून सगळं पहिल्यापासून म्हटलं. आईचं नाव आलं तेव्हा त्यानं काच खाली केली. मी भोंगा बंद केला, खाली उतरलो आणि हाताची पट्टी सोडून त्याला बोटं दाखवली. ती स्टोव्हनं भाजल्यासारखी दिसतात की नाही, ते तो ठरवू शकत होता.

त्यानं काडेपेटी खिशात ठेवली, मुनिमांना म्हणाला, "उतरा बे," आणि स्वतः दुसऱ्या बाजूनं उतरला. नंतर मला म्हणाला, "एका आईची दोन लेकरं, अन् दोघंबी सारखेच डोकेफिरू." पण गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. डाव्या.

दुपारी ओमेशकडे पाचव्या गाडीची खबर आली. आज सकाळी सहावीची. दोन्हींवर निळा ठिपका. आणखी एक गाडी निघाली, तिच्यावर ठिपका नाही. तुझं पाहून दुसऱ्या कोणी तिच्यात भरला होता. ओमेशनं तिचाही सोडला. काँटेसाचा एसी त्याच्याकडून पुरता काढून घेतला आहे. काचा खाली करून चालवतो. मूर्ती घरात आणली. आज सकाळी वंदनेत पाचही शीलं म्हटली.

पोलीस येऊन गेले. मी जे भोंग्यात सांगितलं तेच त्यांना लिहून दिलं, एक शब्द कमी नाही. तू आलास तर तुला विचारतील. गावात मात्र कोणी विचारणार नाही, सगळ्यांना माहीत झालं आहे.

काल संध्याकाळी ऑटो आपल्या गावातही आणला. गरज नव्हती, दवनीवाड्यात एसीची गाडी माझ्याशिवाय कोणाची नाही. तरी आणला. घरापुढून जाताना अल्का दारात होती, आई तिच्या खांद्याला धरून उभी होती. मी आवाज कमी केला नाही. पहिलं नाव माझं घेतलं, मग तुझं, मग तिचं.

केवळराम